तीन आठवड्यांची बाळंतीण

शलॉन अर्विंगची मुलगी सोले ३ जानेवारी २०१७ रोजी सिझेरियनने जन्मली. २४ जानेवारीच्या दुपारी शलॉन डॉक्टरांकडे जाऊन आली. पाय सुजले होते, रक्तदाब चढलेला होता, वजन उतरायचं सोडून वाढलं होतं. तपासण्या झाल्या, रक्तदाबाची गोळी लिहून मिळाली आणि तिला घरी पाठवलं गेलं. त्याच रात्री ती घरात कोसळली. चार दिवसांनी, २८ जानेवारीला, ती गेली. वय ३६. शवविच्छेदनात वाढलेल्या रक्तदाबाची गुंतागुंत हे कारण निघालं.

बाळाच्या जन्मापासून ती कोसळेपर्यंत बरोबर २१ दिवस. या लेखात मला ते २१ दिवस पाहायचे आहेत. अमेरिकेतल्या शलॉनसारख्या कृष्णवर्णीय मातांबद्दल बोलताना बहुतेक वेळा बाळंतपणाच्या खोलीबद्दल बोललं जातं. पण जीव जातो तो बऱ्याचदा त्यानंतर, बाळंतीण घरी आल्यावर. आणि घरी आलेल्या बाळंतिणीचं कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या देशात दवाखान्याकडे नव्हतं. ते शोधलं वस्तीतल्या बायांनी.

शलॉन कोण होती हे आधी सांगायला हवं, कारण हे प्रकरण त्यावरच उभं आहे. अटलांटातल्या सीडीसीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात, ती साथरोगशास्त्रज्ञ होती. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेच्या गणवेशधारी दलात तिला लेफ्टनंट कमांडरचा हुद्दा होता. पर्ड्यू विद्यापीठाची पीएचडी, जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्यातली पदवी. कामाचा विषय कोणता? विषमता, हिंसा आणि रोजचा ताण माणसाच्या शरीरात कसे उतरतात आणि त्याला आजारी कसे पाडतात. ज्या गोष्टीने तिचा जीव घेतला, तिचाच ती अभ्यास करत होती.

पैसा होता, चांगला विमा होता, डॉक्टर मैत्रिणी होत्या, आणि बाळंतपणाला आई वांडा सोबत होत्या. जोखमीही ठाऊक होत्या. गर्भाशयातल्या गाठींची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली होती, रक्त गोठण्याचा एक आनुवंशिक दोष होता आणि रक्तदाबाचा त्रास होता. म्हणून तर सिझेरियन आधीच ठरवलेलं होतं. हे सगळं तिच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं.

आता ते दिवस. दोन रात्रींनंतर घरी सोडलं. टाक्यांच्या जागी दुखरी गाठ आली. आधी, असं होतंच, असं सांगितलं गेलं. ती पुन्हा गेली, दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं, तेव्हा आत रक्त साचल्याचं निघालं आणि ते काढावं लागलं. जखमेच्या देखभालीसाठी घरी नर्स येऊ लागली. नर्सने रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा दीडशेच्या पुढे. पुन्हा डॉक्टर. पाय सुजले. पुन्हा डॉक्टर. गुठळीची शंका म्हणून पायांची सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. प्रीएक्लॅम्प्सियासाठी, म्हणजे गर्भारपणाशी निगडित रक्तदाब चढण्याच्या आजारासाठी, तपासणी झाली, तीही ठीक आली. वांडा नंतर अनेकदा बोलल्या आहेत. त्यांच्या सांगण्याचं सार असं, की प्रत्येक वेळी तिला हेच ऐकवलं गेलं, तुमचं नुकतंच बाळंतपण झालंय, शरीराला वेळ द्या.

आपल्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात, असं आपण म्हणतो. शलॉनने काहीच अंगावर काढलं नाही. ताज्या टाक्यांनिशी तिने दवाखान्याचे उंबरे झिजवले. काय होतंय ते नेमक्या शब्दांत सांगितलं. तिच्याइतकं नेमकं सांगू शकणारा रुग्ण कुठल्याही डॉक्टरला क्वचितच मिळत असेल.

यात एकच ठळक चूक शोधायला गेलो, तर हातात फारसं काही लागत नाही. जखम एकाने पाहिली, रक्तदाब दुसऱ्याने मोजला, सोनोग्राफी तिसऱ्याने केली. प्रत्येक तक्रारीला तिच्यापुरतं उत्तर मिळालं. पण सूज, वाढतं वजन, चढता रक्तदाब आणि फाइलमधला जुना इतिहास यांची एकत्र बेरीज कुणी मांडली नाही. प्रसूतीनंतरचा प्रीएक्लॅम्प्सिया बाळ जन्मल्यावर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. लघवीत प्रथिनं आली नाहीत म्हणून तो नाहीच असं धरता येत नाही, हे अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच मान्य केलं होतं. १४०/९० ला सावध व्हायचं, १६०/११० टिकून राहिला तर तासाभराच्या आत औषध सुरू करायचं, हे नियम कागदावर होते. पण प्रसूतीनंतरची नेहमीची भेट त्या काळी एकच असे, चार ते सहा आठवड्यांनी. शलॉन त्या भेटीच्या तारखेपर्यंत पोहोचलीच नाही.

ही एकटीची दुर्दैवी गोष्ट म्हणून बाजूला ठेवता आली असती, पण आकडे तसं करू देत नाहीत. सीडीसीच्या २०२० च्या नोंदींप्रमाणे अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे श्वेतवर्णीय मातांचे मृत्यू १९.१ होते आणि कृष्णवर्णीय मातांचे ५५.३. त्याच सुमाराच्या, २०१८–२० च्या, भारत सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ३३ होता. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, तेव्हा दशांशापर्यंत तुलना करू नये. तरीही जगातल्या सर्वात श्रीमंत देशातली एक कृष्णवर्णीय आई महाराष्ट्रातल्या सरासरी आईपेक्षा जास्त धोक्यात होती, हे वाचून मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते. २०२३ मध्ये श्वेतवर्णीयांचा आकडा १४.५ पर्यंत उतरला, कृष्णवर्णीयांचा ५०.३ वर राहिला.

यावर सवयीचं एक उत्तर असतं. गरिबी असेल, शिक्षण कमी असेल, उशिरा दवाखान्यात गेल्या असतील. शलॉनच्या बाबतीत यातलं काहीच लागू नव्हतं आणि ती अपवादही नव्हती. २०१९ मध्ये सीडीसीने २००७ ते २०१६ या काळाचा हिशेब मांडला. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गर्भारपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण पदवीधर श्वेतवर्णीय स्त्रियांच्या ५.२ पट निघालं. इतकंच नाही, शाळाही पूर्ण न केलेल्या श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षाही ते जास्त होतं. शिकल्याने वाचता येईल, ही आपल्याही समाजाची मोठी श्रद्धा आहे. इथे शिक्षण पुरं पडलं नाही.

मग काय? दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. मिशिगन विद्यापीठातल्या अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये एक कल्पना मांडली, की सततच्या भेदभावाला तोंड देताना शरीर वयाच्या आधीच झिजतं, उन्हापावसात दगड झिजावा तसं. म्हणून कृष्णवर्णीय स्त्रीचं तिशीतलं शरीर पुष्कळदा त्याहून थकलेलं असतं, आणि गर्भारपण त्याची परीक्षा घेतं. दुसरी गोष्ट ऐकून घेण्याची. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१६ च्या एका अभ्यासात श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती. त्यातल्या सुमारे निम्म्यांनी एक तरी खोटी समजूत खरी मानली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. ज्यांच्या मनात या समजुती होत्या, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी मोजली आणि उपचारही कमी नेमके सुचवले. माणसं दुष्ट होती असं मी म्हणत नाही. पण पलंगावरची बाई दुखतंय म्हणाली, की ते किती दुखतंय याचा अंदाज समोरचा माणूस घेतो, आणि तिथे ही जाड कातडी मध्ये येते.

अटलांटा ज्या जॉर्जिया राज्यात आहे, त्याच राज्यात, शहराच्या दक्षिणेला अल्बनी नावाचं गाव आहे. मेरी कोली तिथल्या सुईण. १९०० चा जन्म, १९६६ चा मृत्यू. त्यांनी तीन हजारांहून जास्त बाळंतपणं केली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्याच्या आरोग्य खात्याने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी चित्रपट बनवला, तेव्हा त्यातली सुईण म्हणून कोलींनाच घेतलं. बाळाची नाळ कापली की त्यांचं काम संपत नसे. त्या बाळंतिणीच्या घरी राहत, स्वयंपाक करत, कपडे धूत, मोठ्या मुलांकडे बघत, जन्माच्या दाखल्याचे कागद भरायला मदत करत. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये अशा हजारो बाया होत्या. गुलामगिरीच्या काळापासून हे काम आईकडून मुलीकडे येत होतं. आपली सुईण डोळ्यांसमोर आणा. जात-वर्गाने तळाची, पण बाळंतपणात घरातल्या सगळ्यांवर जिचा शब्द चालतो अशी.

या बाया हटवल्या गेल्या. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने मातांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा आला, त्यातून सुईणींचं प्रशिक्षण झालं, नोंदणी झाली, परवाने आले. पुढे त्याच परवान्यांचा दोर आवळला गेला. घाणेरड्या, अडाणी, जुनाट अशी त्यांची बदनामी झाली आणि प्रसूती दवाखान्यात गेली. दवाखान्यात जंतुनाशकं होती, रक्त होतं, शस्त्रक्रियेची सोय होती, त्याने असंख्य जीव वाचले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सुईणीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. बाळंतपणानंतर घरात येऊन बसणारं, सूज बघणारं, आज हिचा चेहरा वेगळा दिसतोय असं म्हणणारं माणूस गेलं. दवाखान्याने ती जागा कधी भरलीच नाही. मेरी कोलींच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, त्यांच्याच राज्यात, शलॉनला अशा माणसाची गरज होती.

अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कृष्णवर्णीय स्त्रियांनी ही जागा पुन्हा भरायला घेतली आहे. जॉर्जियाच्या शेजारच्या फ्लोरिडा राज्यात, विंटर गार्डन गावात, जेनी जोसेफ यांचा दवाखाना आहे. त्या ब्रिटनमध्ये शिकलेल्या मिडवाइफ, १९८९ मध्ये अमेरिकेत आल्या. त्यांच्या दवाखान्याचा पहिला नियम असा, की दारातून आलेल्या गर्भार बाईला परत पाठवायचं नाही. विमा नाही, पैसे नाहीत, कागदपत्रं नाहीत, आठवा महिना लागलाय, काही असो. प्रसूती दवाखान्यातच करायची असेल तरी तपासणीला इथे या. समोरच्या टेबलावर बसणाऱ्या बाईपासून सगळ्यांना हे काम वाटून दिलेलं असतं. येणारीला नावाने हाक मारायची, मागच्या वेळी काय बोलणं झालं ते लक्षात ठेवायचं. मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते ती टेबलावरची बाई. कितीतरी गर्भार बाया दुसऱ्या तपासणीला जात नाहीत, त्याचं कारण पहिल्या दिवशीच्या त्या टेबलावर असतं.

दुसरं रूप म्हणजे वस्तीतली डूला. डूला म्हणजे सुईण नव्हे. ती बाळंतपण करत नाही, औषध देत नाही, तपासणी करत नाही. ती सोबत करते. गर्भारपणात काही वेळा घरी येते, कळा सुरू झाल्या की शेवटपर्यंत थांबते, आणि नंतर पुन्हा घरी येते. सोबतीने काय होतं, असं वाटू शकतं. प्रसूतीच्या वेळी सतत कुणी सोबत असण्याच्या २६ चाचण्या, १५ हजारांहून जास्त बाया, १७ देश, असा मोठा आढावा २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने घेतला. सोबत असलेल्या बायांची प्रसूती लवकर झाली, सिझेरियन कमी झाली, बाळंतपणाबद्दल नाराजीही कमी राहिली.

पण कृष्णवर्णीय वस्तीतली डूला करते ती गोष्ट त्या आकड्यांत पूर्ण उतरत नाही. ती त्याच मोहल्ल्यातली असते, त्याच चर्चमध्ये जाणारी, पुष्कळदा स्वतः असंच बाळंतपण भोगलेली. पाळणा मिळाला का, घरभाडं थकलंय का, नवरा रात्रपाळीला गेल्यावर जवळ कोण, हे तिला विचारावं लागत नाही, दिसतं. आणि ती दवाखान्यात बोलायला शिकवते. तपासणी करणार नसाल तर ती का नाकारली हे माझ्या फाइलमध्ये लिहा, असं म्हणायचं, हा या बायांमधला ठरलेला धडा आहे. एवढं वाक्य म्हटलं की पुष्कळदा तपासणी होते. वकिलासारखं भांडायचं नाही, पण बाई पलंगावर असताना, दुखण्याने शब्द फुटत नसताना, हे वाक्य तिच्या वतीने म्हणणारं कुणीतरी खोलीत उभं हवं.

इथे मला पुन्हा शलॉनकडे यावंसं वाटतं. आई सोबत होती, मग आणखी कोण हवं होतं? वांडांनी जे दिसलं ते सांगितलं, पाठपुरावा केला. पण दवाखान्याच्या नजरेत आई म्हणजे नातेवाईक, काळजी करणारी. नर्स यायची ती जखमेसाठी. डॉक्टर मैत्रिणी फोनवर. यांच्यापैकी प्रत्येकीकडे चित्राचा एक तुकडा होता. तिसऱ्या, सातव्या, दहाव्या दिवशी ठरवून येणारं, तिचं बाळंतपणाआधीचं वजन आणि रक्तदाब माहीत असलेलं, आणि ज्याचा फोन दवाखान्याला उचलावाच लागतो असं एक माणूस असतं, तर वरचा आकडा दीडशेपार गेलेल्या त्या दिवशी गोष्ट वेगळ्या वाटेने गेली असती का? तिचा जीव वाचलाच असता असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही. पण मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या अमेरिकेतल्या राज्य समित्यांनी २०१७ ते २०१९ मधले मृत्यू तपासले, तेव्हा त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त टाळता आले असते असा निष्कर्ष निघाला. निम्म्याहून जास्त मृत्यू प्रसूतीनंतर आठवडा उलटल्यावर ते वर्षभराच्या आत झाले होते. शलॉन त्या काळातलीच.

ठरवून विचारपूस केल्याने काय होतं, त्याचं एक साधं उदाहरण फिलाडेल्फियात आहे. गर्भारपणात रक्तदाब चढलेल्या बायांना पहिल्या दहा दिवसांत तपासायला हवं, कारण धोका तेव्हा सर्वात जास्त असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात बाया त्या तपासणीला येतच नव्हत्या. आळस, बेफिकिरी, अशी कारणं तयारच होती. तिथल्या डॉक्टर अदी हर्शबर्ग आणि सिंधू श्रीनिवास यांनी घरी जाताना बाईच्या हातात रक्तदाबाचं यंत्र दिलं आणि दिवसातून दोनदा मोबाइलवर निरोप पाठवला, आकडा कळवा. २०१८ मध्ये निकाल छापून आला. दवाखान्यात बोलावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचाच रक्तदाब मोजला गेला होता, निरोप पाठवलेल्यांपैकी ९२ टक्क्यांचा. कृष्णवर्णीय आणि इतर बायांमधला फरक या दुसऱ्या गटात जवळपास पुसला गेला. दहा दिवसांचं बाळ, टाके, दोन बस बदलून जायचं, मोठं मूल कुठे ठेवायचं, हे सगळं ज्याला आपण बेफिकिरी म्हणत होतो त्यामागे होतं.

यंत्र पुरेसं आहे असं मात्र मला वाटत नाही. आकडा चढला तर धीर देणारं आणि दवाखान्यात घेऊन जाणारं माणूस लागतं. वस्तीतल्या संघटनांचं काम नेमकं तिथलं आहे, आणि त्यांची सगळ्यात मोठी अडचणही तिथेच आहे, पैशाची. डूला रात्र-रात्र जागते, एका बाळंतपणाला तिचे दोन दिवस जाऊ शकतात, आणि ज्या बाईला तिची सर्वात जास्त गरज तिच्याकडेच द्यायला पैसे नसतात. म्हणून बराच काळ वस्तीतल्या डूला अर्ध्या मोबदल्यात किंवा फुकट राबल्या. गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून, म्हणजे मेडिकेडमधून, डूलाला पैसे देणारी ओरेगॉन आणि मिनेसोटा ही सुरुवातीची राज्यं. कॅलिफोर्नियात हे जानेवारी २०२३ मध्ये आलं. आशा सेविकांच्या मानधनाची लढाई पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. बाईने बाईसाठी केलेल्या कामाला सेवा म्हणायचं आणि सेवेचे पैसे द्यायचे नाहीत, ही चाल सगळीकडची आहे. आणखी एक खटकतं. आजार दवाखान्याच्या वागण्यात आहे, आणि औषध म्हणून आपण वस्तीतल्या बायांना रात्री जागायला सांगतो. डूला हवीच. पण तिच्या असण्याने डॉक्टरांची ऐकून घेण्याची जबाबदारी कमी होता कामा नये.

शलॉन गेल्यानंतर जे हललं, त्यातलं बरंच अटलांटातून किंवा तिच्या ओळखीच्या माणसांतून हललं. वांडांनी नातीला वाढवायला घेतलं आणि लेकीच्या नावाने डॉ. शलॉन्स मॅटर्नल अ‍ॅक्शन प्रोजेक्ट ही संस्था उभी केली. वर्षानुवर्षं सार्वजनिक व्यासपीठांवर जाऊन स्वतःच्या मुलीचे शेवटचे दिवस पुन्हा पुन्हा सांगायचे, हे कुठल्याही आईसाठी काय असेल याची मला कल्पना करवत नाही. अटलांटातूनच चालणारी ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स २०१८ पासून ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळते. डिसेंबर २०१८ मध्ये राज्यांतल्या मातामृत्यू चौकशी समित्यांना केंद्राकडून पैसा देणारा कायदा झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सीडीसीने, जिथे शलॉन काम करायची त्याच संस्थेने, तिचं ऐका अशा अर्थाच्या नावाची मोहीम सुरू केली.

लॉरेन अंडरवुड ही शलॉनची जॉन्स हॉपकिन्समधली मैत्रीण. पेशाने नर्स. २०१८ मध्ये इलिनॉयमधून अमेरिकी संसदेत निवडून आली. एप्रिल २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या अल्मा अ‍ॅडम्स यांच्यासोबत तिने संसदेत कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्यासाठी खासदारांचा गट केला. मार्च २०२० मध्ये या दोघींनी आणि तेव्हा सिनेटमध्ये असलेल्या कमला हॅरिस यांनी विधेयकांचा एक गठ्ठा मांडला, मॉमनिबस या नावाने. वस्तीतल्या संस्थांना पैसा, डूला आणि सुईणींचं प्रशिक्षण, घर-प्रवास-आहाराची मदत, असं बरंच त्यात होतं. त्यातलं माजी सैनिक असलेल्या मातांसाठीचं विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा झालं. संपूर्ण गठ्ठा पुढे सरकला नाही.

जॉर्जियात मात्र एक मोठा बदल झाला. राज्यातली जवळपास निम्मी बाळंतपणं मेडिकेडवर होतात. पूर्वी बाळ ६० दिवसांचं झालं की आईचा विमा बंद व्हायचा. तो आधी सहा महिने झाला, आणि २०२२ च्या कायद्याने पूर्ण वर्ष. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही मे २०१८ मध्ये जुनी एक भेट सोडून दिली. आता पहिल्या तीन आठवड्यांत बाळंतिणीची विचारपूस व्हावी आणि बारा आठवड्यांपर्यंत पूर्ण तपासणी व्हावी, असं त्यांचं म्हणणं आहे. पहिल्या तीन आठवड्यांत. हे वाचताना मी शलॉनच्या तारखा पुन्हा मोजल्या.

अटलांटात मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. तिथे एखाद्या घरात बाळंतपण आलं की पुण्याहून, नागपूरहून आई किंवा सासू व्हिजिटर व्हिसावर जाते. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा, बाळाची टोपडी. सव्वा महिना बाळंतिणीला उठू द्यायचं नाही, हा आपला नेम. त्या पाच आठवड्यांत बाईला न्हाऊमाखू घालणारा, शेकणारा, सांभाळणारा हात मिळतो. अमेरिकेत पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदाच नाही, तेव्हा अशी आजी घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण आपल्या आजीचाही एक समज असतो. बाळंतिणीच्या पायावर सूज असायचीच, डोकं दुखायचंच, जागरण होतं ना. वांडाही घरातच होत्या, आणि त्यांनी तर सूज पाहून डॉक्टर गाठले होते.

तेव्हा त्या बॅगेत रक्तदाब मोजण्याचं यंत्र असावं, आणि निदान पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहिला जावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या वर गेला तर त्याच दिवशी फोन. वरचा १६० किंवा खालचा ११० दिसला, किंवा डोकं फुटेल असं दुखू लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले, उजव्या बरगडीखाली दुखलं, श्वास लागला, तर फोनवर थांबून राहायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं आणि दारातच सांगायचं, मी बाळंतीण आहे, बाळ इतक्या दिवसांचं आहे. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. बाळ घरी ठेवून आलेल्या बाईकडे पाहून ती बाळंतीण आहे हे तिथल्या माणसाला कळत नाही. अमेरिकेतल्या डूला हे वाक्य बाळंतपणाआधीच पाठ करून घेतात.